डेट्रॉइटचे पट्टे

"मॅडम, मोजणीदार मागून येऊन राह्यले काय?"

दारव्ह्याजवळच्या त्या शेतात जीपमधून उतरलेल्या साधनानं मोजणीची काठी जमिनीवर टेकवली. "मोजणीदार मीच. काहून, मिशा पाह्यजे होत्या?"

विचारणाऱ्याचे कान लाल झाले. त्याचा तरी काय दोष! पूर्वी मोजणीदार म्हटला की साखळी ओढणारा, चहावर चहा पिणारा बाप्याच यायचा.

हा संघदीप. कॉलेजात इतिहास शिकवायचा. त्याच्या बाबांची आणि श्रावणकाकांची वाटणी होती, नि दोघा भावांना नाल्याकडचाच तुकडा हवा होता. त्यापायी सहा महिने अबोला.

"आडवं कापू नका," तो हळूच म्हणाला. "नाल्यापासून वरपर्यंत उभे पट्टे पाडा. डेट्रॉइटले फ्रेंचांनी तसंच केलतं."

"कुठं?"

"अमेरिकेत. आता मोटारींचं शहर आहे, पण सतराशे एक साली फ्रेंचांनी वसवलं. नदी एक, शेतकरी पुष्कळ... मग फितीसारखी लांबच लांब शेतं पाडली. प्रत्येकाच्या दारात पाणी! शेतं गेली, पण कितीतरी रस्त्यांना आजही त्याच शेतकऱ्यांची नावं आहेत."

"म्हणजे शेजारच्या खेमसिंगभाऊंच्या धुऱ्याबांधावर उद्या खेमसिंग मार्ग?"

तो हसला, आणि साधनाला उगाच वाटलं — याला अजून हसवावं.

पट्ट्यांची गोष्ट दोघा भावांना पटली. पण लगतच्या शेतकऱ्याची सही घेतल्याशिवाय साधना नकाशा पुरा करत नसे, आणि खेमसिंग आलेच नाहीत. पुढच्या तारखेलाही नाहीत. साधनाला राग यायला हवा होता. पण तिनं तर त्या सकाळी वेणीत अबोली माळली होती. पऱ्हाटीतून चालताना संघदीप सांगत राहिला... फ्रेंचांनी नदीकाठी लावलेली नाशपातीची झाडं, त्यांचा लाकडी किल्ला. त्याच्या बाहीला कापसाचा पुंजका चिकटला होता. तिचा हात पुढे गेला, नि मागे आला.

"पंधरा तारखेले निघतो मी," तो एकदम म्हणाला. "डेट्रॉइटले. दोन वर्षं. तिथले जुने नकाशे अभ्यासाचे आहेत."

साधना नुसतं "हो?" म्हणाली. एक सही, की या शेतात यायचं कारण संपलं. आणि हा माणूस बाकी सगळं बोलत होता, मनातलं तेवढं सोडून!

तिसऱ्या खेपेला खेमसिंग हजर.

"भाऊ, दोनदा काहून नाही आले?"

"मी त घरीच होतो, बाई! या मास्तरनंच निरोप धाडला, मोजणी रद्द झाली म्हणून."

श्रावणकाका फिस्सकन हसले, भावाकडे बघून. संघदीप मात्र पायाखालचं ढेकूळ फोडत बसला. खेमसिंगांची सही झाल्यावर साधना त्याला जीपपर्यंत घेऊन गेली.

"सरकारी कामात खोटेपणा?"

"एका दिवसात मोजणी झाली असती, तर तुम्ही परत कायले आल्या असत्या? ... मले तुमच्याशिवाय जायचं जिवावर आलं आहे. दोन वर्षं थांबाल?"

तिनं त्याच्या बाहीवर हात ठेवला. या खेपेला मागे घेतला नाही.

"आमच्या खात्यात तोंडी काही चालत नाही. लोहाऱ्याले आमचं घर आहे, रविवारी आई-बाबा दोघं असतात." ती जीपमध्ये चढली. "आणि अर्जदार स्वतः हजर पाह्यजे. निरोप धाडाचा नाही."