लालमहंमदची चिंधी

त्या दिवशी थंडी अशी पडली होती, की मोशीत इंद्रायणीवरचं धुकं दिवेलागणीलाच रस्त्यावर येऊन बसलं. गेल्या डिसेंबरची पाच तारीख, शुक्रवार. कोंडीराम माझ्या ओळखीचा, पोरांनो. त्याच्या तोंडून ऐकलं तेच सांगतो.

जेवण उरकून तो चाकण रस्त्यावरच्या गाळ्यावर गेला. मिलिंग मशीनवर कापायचे सहा नग राहिले होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी हवी होती. शेजारच्या लालमहंमदला जाऊन चाळीस दिवस होत होते, त्याचा चाळिसावा होता.

दोघं एकाच मशीनवर, पाळीपाळीनं. कटर धरणारा होल्डर मशीनच्या फिरत्या दांड्याच्या, स्पिंडलच्या, निमुळत्या भोकात चढवायचा, तर लालमहंमद आधी दोन्ही कोरड्या चिंधीनं पुसायचा. म्हणायचा, इथं तेल राहिलं की पकड गेली, मग वरचा नट कितीबी आवळ. कोंडीराम चिडवायचा, नवरी नटवतोस व्हय रं?

दिवाळीच्या सुट्टीत गंज चढू नये म्हणून कोंडीरामनं मशीनला तेल फासलं. भोकातसुद्धा. वर होल्डर चढवून, नट आवळून, मित्रासाठी तयार ठेवला. मायेनंच केलं. सांगायचं तेवढं राहिलं.

सुट्टीनंतर पहिली पाळी लालमहंमदची. "कोंडीरामनं बसवलाय, मग बघायचं काय," म्हणाला आणि बटण दाबलं. होल्डर सरकला. कटर तुटला. तुकडा गळ्यात बसला.

गाळ्यावर सगळे म्हणाले, कारागीरच चुकला. लालमहंमदची बायको कनीज प्रत्येकाला विचारत राहिली, हे कसे चुकतील? कोंडीराम खाली मान घालून बसायचा.

तर त्या रात्री त्यानं बायकोच्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी घेतली. भोक पुसलं, होल्डर पुसला, नट आवळला. मशीन चालू केलं.

होल्डर सरकला.

काढला. पुसला. चिंधीला तेल.

परत पुसला. परत तेल. चाळीस दिवसांत त्या भोकाला कुणी तेल लावलं नव्हतं… तरी चिंधी भिजतच चालली. बोटांतून ओघळ मनगटावर आला.

साडेअकराला वीज गेली.

अंधारात आवाज आला. कापड लोखंडावर फिरतं तसा. सावकाश. घाई नसलेल्या माणसाचा.

कोंडीरामचे हात रिकामे होते. चिंधी तर त्यानं टेबलावर ठेवली होती…

"लाल," तो म्हणाला. "मी…"

आवाज थांबला. ऐकत असल्यासारखा.

पुढचं न सांगताच तो दाराकडं सरकला.

पुसणं परत सुरू झालं.

तो बाहेर पळाला. चिंधी आतच राहिली. गाळ्याला कुलूप मात्र लावलं, किल्ली कमरेला खोचली. रात्रभर घरच्या अंगणात बसून राहिला.

उजाडलं तशी कनीज दारात आली. हातात हिरवी चिंधी. तेल ठिबकत होतं. ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, कपडे वाटायचे म्हणून ह्यांची पेटी उघडली. ते गेल्यापासून कुलूप होतं तिला. वरच ही होती, तुमच्या घरच्या लुगड्याची. हे तेल कुठलं हो?"