शिळे आवाज

सांगलीतला गोंगाट संपला, तो रस्ते बदलल्यामुळे नव्हे. ट्रक तेच होते, भोंगे तेच, लग्नाच्या वराती तर पूर्वीपेक्षा लांबल्या होत्या. बदलले होते ते कान. जवळजवळ प्रत्येकाच्या कानात तांदळाच्या दाण्याएवढी श्रवणगाळणी बसवलेली असे. लोक तिला नुसतं गाळणी म्हणत. माणूस ज्या आवाजांकडे रोज दुर्लक्ष करतो, ते ती ओळखून ठेवी आणि पुढे मेंदूपर्यंत पोचूच देत नसे. फोनही गाळणीतूनच चाले. त्यामुळे घरातल्या घरात एकटंच बोलत फिरणाऱ्या माणसाला कुणी वेड्यात काढत नसे.

अशा शांत गावात सौमित्र गद्रेच्या गाडीबद्दल तक्रार आली. सकाळी सुरू करताना ती म्हणे अशी किंचाळते, की खालच्या मजल्यावरची तान्ही मुलं दचकून उठतात. सौमित्र साठीला टेकलेला, बिनलग्नाचा आणि आपल्या जुन्या पेट्रोल गाडीबद्दल भलताच हळवा. त्याला तर काहीच ऐकू येत नव्हतं. शेजाऱ्यांना दुसरा उद्योग नाही, असं म्हणून त्याने विषय सोडून दिला. पण तक्रार पुन्हा आली, तेव्हा चरफडत का होईना, तो गाडी घेऊन बाबरच्या गॅरेजात गेला.

बाबरने गाडी ठेवून घेतली, कारण हा रोग इंजिन गार असतानाच दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सौमित्रसमोर त्याने बॉनेट उघडलं, गाडी सुरू केली आणि तोंड वाकडं करून कानांवर हात ठेवले. मग बेल्टवर थोडं पाणी मारलं.

"बघा, पाणी पडलं की जास्तच वरडायला लागली," तो म्हणाला. "म्हणजे बेल्ट ढिला पडलाय. गाडी चालू झाल्या झाल्या बॅटरी भरायचा लोड बेल्टवर येतोय, मग तो घसरतोय. एकदा पकड घेतली की गप्प."

"कुठे ओरडतेय? मला नुसतं इंजिन ऐकू येतंय."

बाबरने त्याच्याकडे नीट पाहिलं. "साहेब, बेल्ट मी ताणून देतो. तुम्ही पहिलं मिरजेला जाऊन कान दाखवा."

मिरजेच्या डॉ. यास्मिन मुजावर या गाळणी तयार करणाऱ्यांपैकीच एक. त्यांनी सौमित्रचे कान तपासले आणि हसल्या.

"गाळणी ठणठणीत आहे. तुमच्या गाडीचा आवाज शिळा झालाय, एवढंच."

"शिळा?"

"आम्ही तसंच म्हणतो. घरातल्या घड्याळाची टिकटिक तुम्हाला ऐकू येत नाही ना? जो आवाज नेहमीचा आहे आणि ज्यावर काही करायचं नसतं, तो मेंदू आपणहून बाजूला टाकतो. गाळणी तेच करते, फक्त जास्त नेटाने. आवाज आला की ती तुमची नाडी बघते, मान वळली का बघते, तुम्ही काय बोललात ते बघते. पुष्कळदा काहीच झालं नाही, की तो आवाज शिळा. मग तो टाकून द्यायचा."

"मग शेजाऱ्यांना बरा ऐकू येतो?"

"ते चिडतात ना. चिडणं म्हणजेही लक्ष देणंच."

"हं," सौमित्र म्हणाला.

डॉक्टरांनी मान वर केली. "घरी कोण असतं तुमच्या?"

"थोरली बहीण. केतकीताई. मेहुणे गेल्यापासून माझ्याकडेच असते. पण असून नसल्यासारखी. गेल्या गणपतीत मोदकांच्या सारणावरून आमची वादावादी झाली. तेव्हापासून तिने अबोला धरलाय."

डॉक्टरांना यात नवल वाटलं नाही. अबोला ही आपल्याकडे घरोघरी मान्यता पावलेली गोष्ट आहे. समोरच्याने धरला तर कारण विचारायचं नसतं. आपणही धरायचा आणि आधी कोण नमतं, त्याची वाट बघायची. सौमित्रनेही तेच केलं होतं, आणि आता तो वाट बघून थकला होता. जेवताना त्याला इतकं एकटं वाटे, की बातम्या सांगणाऱ्या बाईला तो मनातल्या मनात उत्तरं देई. पण आपण होऊन आधी बोलायचं? छे.

"वाद झाला त्याच दिवशी बोलणं बंद झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

सौमित्र आठवू लागला. "नाही. पुढे महिनाभर बोलायची की. मीच धड उत्तर देत नव्हतो. नुसतं हं हं करायचो."

"गाळणी 'हं'ला उत्तर मानत नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "आम्हीच तिला तसं शिकवलंय. ताईंचे ओठ हलताना दिसतात का तुम्हाला?"

"दिसतात. मला वाटतं, रामरक्षा म्हणते."

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. म्हणजे ताई इतके दिवस बोलतच होती.

"माणसांचे आवाज तरी गाळण्यातून वगळायचे होते," सौमित्र म्हणाला.

"सुरुवातीला वगळले होते. लोकांनीच मागे लागून ते गाळायला लावले." मग त्या म्हणाल्या, "गद्रेसाहेब, तुम्ही ताईंवर रोज ओरडला असतात, तरी चाललं असतं."

"ती काय काय बोलली, ते परत ऐकता येईल?"

"नाही. गाळलेलं कुठेच राहत नाही. पण गाळणी मी आत्ता धुऊन देते. सगळे आवाज पुन्हा ताजे होतील."

परत येताना सांगली त्याच्या अंगावर कोसळली. भोंगे, कुत्री, भाजीवाले, स्वतःच्या गाडीचा खडखडाट. ताईला काय सांगायचं, ते तो घोकत होता. मोदक चांगले झाले होते, इथून सुरुवात करावी असं त्याने ठरवलं.

दार उघडलं तेव्हा आधी नळाचा आवाज आला, मग ताईचा. त्याच्या आठवणीतल्यापेक्षा तो बारीक झाला होता. ओट्याशी पाठमोरी उभी राहून ती भाजी धूत होती. दाराचा आवाज तिने ऐकला असावा.

"आलास? श्रेयाने गुरुवारचं नागपूरचं तिकीट काढलंय. आता लेकीकडेच राहीन म्हणते. तुला कितीदा विचारलं, जाऊ का म्हणून. एकदा जरी नको म्हणाला असतास ना, तर राहिले असते रे. करमतं मला इथे. मेथीदाणे वरच्या फळीवर ठेवलेत, रोज थोडे खात जा. गुडघ्यांना बरे."

उत्तरासाठी ती मध्ये कुठे थांबतही नव्हती. भिंतीला सांगावं तसं सांगत होती.

 घोकलेलं सगळं सौमित्र विसरला.

"जाऊ नकोस," तो दारातूनच म्हणाला. "मी चुकलो. मला ऐकूच येत नव्हतं गं काही. तू गेलीस तर मी काय करू इथे? राहा. माझ्यासाठी राहा."

केतकीताईने वळून पाहिलं आणि झटकन नळ बंद केला. वर्षभरात त्याचा आवाज तिच्या कानावर पडला होता तो फक्त फोनवर बोलतानाचा. एवढ्या मायेने हा फोनवर कुणाला तरी राहा म्हणतोय, याचं तिला बरं वाटलं. आपली लुडबुड नको म्हणून ती गप्प झाली, आणि त्याला मोकळेपणी बोलता यावं म्हणून तिने स्वयंपाकघराचं दार आतून हळूच लोटून घेतलं.