यादीत नसलेली बिजागरी

“कुठं?”

“सोळा जीबी,” मंजुषा म्हणाली.

कंडक्टरचं बोट तिकीट मशीनवर तसंच थांबलं. “हा थांबा नवीन झाला का? आमच्या मशीनमधे तर न्हाय.”

मागच्या सीटवर मेथीची पाटी घेऊन बसलेली नागूबाई खुदकन हसली. मंजुषानं वहीतून मान वर केली. समोर खाकी शर्ट, कानामागं खोवलेलं पेन आणि हसू दाबून धरलेले दोन डोळे...

“धाराशिव,” ती घाईघाईनं म्हणाली. “एक. अर्धं.”

“अर्धं तर हायेच. उरलेल्या अर्ध्या वहीतून बाहेर आल्या, बरं झालं.”

मशीननं कुरकुर करत तिकीट सोडलं. मंजुषानं ते ओढूनच घेतलं आणि खिडकीकडं तोंड केलं. एप्रिलमधला शनिवार; सकाळचा वारा आत्ताच कोमट झाला होता. एरवी तिनं कंडक्टरला चांगलं सुनावलं असतं. पण आज तिला कुणाचा राग धरायलाही सवड नव्हती. आज ती लॅपटॉप घ्यायला निघाली होती!

पुण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीनं तिची परीक्षा घ्यायचं कबूल केलं होतं. सोमवारी विषय येणार, पुढच्या पंधरा दिवसांत त्यावर चालता-फिरता येईल असा एक छोटा गेम बनवून पाठवायचा. आवडला तर ईट गावातल्या आपल्या घरी बसून नोकरी. तिच्याकडचा मामेभावाचा जुना लॅपटॉप असा होता, की फाइल उघडायला टाकली की चहा होऊन कपबशा विसळूनही व्हायच्या. गेम बनवायचा तर गेमिंग लॅपटॉपच हवा होता, आणि तोही त्यातला स्वस्तातला.

“गेमिंग म्हंजे खेळायचाच ना?” तिच्या वडिलांनी, आप्पांनी खव्याच्या कढईत खुरपणं फिरवत विचारलं होतं. आठ दिवस समजावल्यावर ते म्हणाले, “घे. पर आपल्या घरात वस्तू एकदाच घेतात. बिघडला तर दुसरा न्हाय.”

म्हणून ही वही. मंजुषानं दोन महिने लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचून काढले होते. पाच तारे देणारे खोकं फोडल्याच्या आनंदात लिहितात आणि एक तारा देणारे पार्सल उशिरा आल्याच्या रागात, हे तिच्या लवकरच ध्यानात आलं. खरं बोलतात ते वर्षभर वापरून झाल्यावर लिहिणारे. तेवढेच तिनं निवडून उतरवले होते.

धाराशिवच्या वाटेवरचं वाशी सोडल्यावर कंडक्टर सुटे पैसे द्यायला आला. त्याची नजर वहीवर अंमळ रेंगाळली.

“पंखा, बॅटरी, तापमान, वॉरंटी... यादी झकास हाय. फक्त बिजागरी राहिली.”

“काय?”

“बिजागरी. झाकण जिथं जोडलेलं असतं ती.” त्यानं हातातलं तिकीट मशीन वर धरलं. “हिचंच बघा. आतून ठणठणीत. पर चार्जिंगची पिन हालली, की सगळं मुसळ केरात. रोज जिथं हात लागतो ना, वस्तू तिथंच आधी मरती.”

आणि दोरी ओढून, डबल बेल देऊन तो पुढं निघूनही गेला.

मंजुषानं वहीत बिजागरी लिहिली नाही. मुद्दामच लिहिली नाही.

*

शब्बीरभाईंचं दुकान धाराशिवच्या बाजारपेठेत होतं. परीक्षेचं आणि आप्पांच्या ‘एकदाच’चं सगळं सांगून तिनं फोनवर ठरवलेला लॅपटॉप त्यांनी काउंटरवर मांडला. “हा एकच पीस, बेटी. डिस्प्लेचा हाय म्हणून कमी किमतीत. बाकी वॉरंटी पुरी एक साल. पण खरं सांगू? यावर अजून एका गिऱ्हाइकाचा डोळा हाय. आज बघायला येतो म्हणाला होता...”

काचेचं दार ढकलून गिऱ्हाईक आत आलं. खाकी शर्टाच्या जागी निळा होता. कानामागचं पेन मात्र तिथंच.

“सोळा जीबी!” तो म्हणाला.

“तुम्ही?”

“ड्युटी सुटली. मी बसवेश.” त्यानं लॅपटॉपकडं पाहिलं, मग तिच्याकडं. “म्हंजे यादी याची व्हती व्हय?”

“तुम्हाला कशाला हवाय हा?” मंजुषाच्या आवाजाला नकळत धार आली.

त्याचे कान लाल झाले. “गेम खेळायला... बस चालवायचा गेम असतो ना, तो.” मग खाली बघत, “सहा वर्षं झाली गाडीत उभा हाय. ष्टेरिंगला कधी हात लागला न्हाय.”

तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तिला उगाच ती रिकामी सीट, ते मोठं चाक आणि त्याच्या मागं उभा असलेला हा माणूस दिसला.

शब्बीरभाईंनी तोडगा काढला. “दोघं मिळून तपासा. तासभर देतो. पसंत पडला की मग भांडा.”

“आधी एसी बंद करा,” मंजुषा म्हणाली.

“का?”

“परीक्षण लिहिणारे सगळे एसीत बसून लिहितात. माझी खोली पत्र्याची आहे.”

बसवेशनं तिच्याकडं असं पाहिलं, की तिला वहीत डोकं घालावं लागलं.

एसी बंद झाला. शब्बीरभाई एका जुन्या कॅलेंडरनं वारा घेत बसले. “लॅपटॉप टिकेल, बेटी. मी टिकायचो न्हाय.”

मंजुषानं सगळ्यात जड गेम लावला आणि खुर्ची बसवेशकडं सरकवली. “चालवा. मी पंखा ऐकते.”

तो चालवू लागला... आणि मंजुषा पंखा ऐकायचं विसरली. वळण आलं की तो स्वतःच वळत होता. ब्रेकसाठी कळ दाबायची, तरी त्याचा पाय फरशीवर रुतत होता. आणि थांबा आला की हात आपोआप वर जात होता... बेलची दोरी शोधायला.

“इथं दोरी न्हाय,” ती हळूच म्हणाली.

“सवय...” तो ओशाळून हसला. हात खाली आणताना कीबोर्डच्या डाव्या अंगाला टेकला आणि चटका बसल्यासारखा उडाला. “आयला! तापलाय की.”

मंजुषानं आपला तळहात तिथं ठेवला आणि ठेवूनच दिला. “एवढं चालतं. तापून एका जागी थांबलंय, वर चढत नाही.”

“पोळत न्हाय?”

“खव्याच्या भट्टीवरचा हात आहे.”

“दाखवा,” तो म्हणाला. आणि मग आपण काय बोललो ते कळून, “न्हाय... म्हंजे... तापमान दाखवा.”

शब्बीरभाईंनी कॅलेंडर तोंडासमोर धरलं. ते कॅलेंडर हलत होतं.

तास संपला. पंखा खरखरला नाही. गेम अडखळला नाही. चार्जर काढल्यावर बॅटरी एकदम घसरली नाही, पायरीपायरीनं उतरली. मंजुषाच्या यादीत खूणच खूण! तिला टाळी वाजवावीशी वाटत होती. “मी घेते,” ती म्हणाली. “म्हणजे... तुमची हरकत नसेल तर.”

बसवेशनं झाकण एका बोटानं मिटलं, उघडलं. कान जवळ नेला. पुन्हा मिटलं, उघडलं. उजव्या कोपऱ्यात बारीक आवाज झाला... टक्. तिथं चौकट नखभर उचलली गेली होती.

“नका घेऊ,” तो म्हणाला. “बिजागरी गेलीय. डिस्प्लेचा पीस, दिवसभर जो येईल तो उघडून बघतो. तुम्ही ईटहून याला घेऊन येणार-जाणार व्हय?”

“आठवड्यातून तीनदा. इथल्या अभ्यासिकेत. आमच्याकडच्या नेटवर मोठ्या फाइली जात नाहीत.”

“मग नकाच घेऊ. एसटीच्या धक्क्यानं दोन महिन्यांत स्क्रीन हातात येईल.”

“आणि तुम्ही? तुम्ही घेणार?”

“मी... बघू.”

झालं! त्या ‘बघू’नं तासाभराचं सगळं पुसून टाकलं. असं कुठं असतं का? ज्याला स्वतःला घ्यायचंय तोच ‘नका घेऊ’ म्हणतोय! पण टक् आवाज तर तिनंही ऐकला होता. आप्पांचं ‘एकदाच’ तिच्या कानात होतं. तिनं वही मिटली.

“नवा माल तीन हफ्त्यांनी येईल,” शब्बीरभाई वरमून म्हणाले.

तीन आठवडे. आणि परीक्षा पंधरा दिवसांत. मंजुषा बाहेर पडली.

*

सोमवारी विषय आला: तुमच्या ओळखीचा एक रस्ता. वाचताक्षणी तिच्या डोळ्यांसमोर अख्खा रस्ता उभा राहिला. पण जुन्या लॅपटॉपनं चार झाडं उभी केली आणि पाचव्याला मान टाकली. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी तिनं हार मानून शब्बीरभाईंना फोन लावला. “तोच द्या. बिजागरी गेली तर गेली.”

“बेटी... तो कालच गेला. बसवेशनं नेला.”

मंजुषा भट्टीपाशी जाऊन बसली. धुरानं डोळ्यांत पाणी येतं, ही मोठी सोय असते. तिला लॅपटॉपचं दुःख कमी होतं आणि त्या ‘दोरी न्हाय’ म्हटल्यावर ओशाळलेल्या हसण्याचा राग जास्त होता. वर्षावर्षाचे अभिप्राय वाचणारी मुलगी, आणि माणूस मात्र एका तासात खरा मानून बसली!

शुक्रवारी ती गाडीत चढली ती ठरवूनच.

“कुठं?” तो म्हणाला. त्याचा चेहरा तिला पाहून उजळला होता, आणि त्यामुळंच तिचा पारा चढला.

“तुम्हाला माहीत नाही? सगळं तर माहीत असतं तुम्हाला! कुणाला काय घेऊ द्यायचं नाही आणि मग स्वतः कसं उचलायचं...”

नागूबाईनं मेथीची पाटी बाजूला सारली, नीट ऐकू यावं म्हणून.

“माझी परीक्षा बुडाली,” मंजुषाचा आवाज फुटला. “तुम्हाला खेळायला हवा होता ना? खेळा!”

बसवेश मागं वळला आणि कंडक्टरच्या सीटवर ठेवलेल्या द्राक्षाच्या क्रेटवरचा टॉवेल काढला. क्रेटमधे गोणपाटाची मऊ गादी केली होती. तिच्यावर तो लॅपटॉप बसला होता... उघडा. झाकण सरळ उभं, मागून लाकडी फळीचा टेकू, आणि सगळ्याला मिळून खाकी पट्टा करकचून बांधलेला.

“मिटवायचाच न्हाय,” तो म्हणाला. “मिटवला न्हाय तर बिजागरी निघत न्हाय. तुमची परीक्षा हुईपर्यंत टेबलावर असाच ठेवा.”

“पण तुम्ही... हा तुम्ही...”

“तुमच्या घरात वस्तू एकदाच घेतात म्हणून शब्बीरभाईंनी सांगितलं. मग तुमचं ‘एकदा’ या ढिल्या बिजागरीवर कशाला घालवायचं? मला चालतो हा. माझा कुठं जाणार हाय, खोलीवरच असणार.” तो मशीनच्या कळांशी चाळा करत होता. “नंबर मागितला तुमचा, कशाला ते सांगितलं न्हाय. भाई म्हणले, पोरीचा नंबर असा देत नसतेत. मग ड्युटी बदलून घेतली. बुधवारपासून तीन दिस हे असं नेतोय-आणतोय. डेपोत सांगितलं, पार्सल हाय.”

“आन् आम्ही समजत व्हतो कोंबडीची पिल्लं हायेत,” नागूबाई म्हणाली. “टॉवेल टाकून जपत व्हता की नुसता!”

सगळी गाडी हसली. मंजुषाही हसली, डोळे पुसत. तेव्हा जवळपास धूर नव्हता.

“शनिवारी का नाही बोललात? नुसतं ‘बघू’ म्हणालात...”

“तवा सुचलंच न्हवतं,” तो अगदी खरं खरं म्हणाला. “तुम्ही गेल्यावर सुचलं.”

*

दहा दिवस मंजुषा त्या उघड्या लॅपटॉपसमोर बसून होती. पाहता पाहता रस्ता उभा राहिला. ईटचा स्टँड, भट्टीचा धूर, बाभळी, वाशीचा चौक, येडशीचा घाट. मुदतीच्या आदल्या दिवशी गेम पाठवून झाला आणि पुढच्या आठवड्यात पुण्याहून होकार आला! नवा माल आल्यावर तिनं स्वतःचा लॅपटॉपही घेतला. एसी बंद करूनच घेतला. झाकण मात्र तिनं बसवेशला उघडायला लावलं, अकरा वेळा.

आणि आज पहाटेच ती क्रेट घेऊन ईटच्या स्टँडवर आली. गाडी सुटायला पंधरा मिनिटं होती. गोरोबामामा ड्रायव्हर टपरीवर चहा घेत होते. गाडीत बसवेश एकटाच.

“तुमची वस्तू,” ती म्हणाली. “आत एक रस्ता आहे. चालवून बघा.”

स्क्रीनवर लालपरी उभी होती. बसवेशनं कळ दाबली. भट्टी मागं पडली, बाभळी पळू लागल्या... तो श्वास रोखून चालवत होता. पुढच्या फाट्यावर एक मुलगी वही घेऊन उभी दिसली. त्यानं गाडी थांबवली. मुलगी चढेना.

“ही का चढंना?”

“कंडक्टर विचारत नाही ना तिला काही.”

बसवेशनं स्क्रीनवरून मान वर केली. बाहेर आत्ता कुठं उजाडत होतं. तो हळूच म्हणाला, “कुठं?”

मंजुषानं उत्तराऐवजी वही पुढं केली. कोऱ्या पानावर वर नाव लिहिलं होतं – बसवेश. खाली तारीख, आजची. आणि पाच रिकामे तारे.

त्यानं पाचही ताऱ्यांवरून बोट फिरवलं. “किती देणार?”

“वर्षभरानं सांगते. पहिल्या दिवशी पाच तारे देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.”

“म्हंजे वर्षभर...” त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरत गेला. “आन् वर्षानं काही खोट निघाली तर?”

“दुरुस्त करीन,” मंजुषा म्हणाली. तिचे कान तापले होते, पण नजर हलली नाही. “आमच्या घरात एकदाच घेतात.”

त्यानं कानामागचं पेन काढलं. ताऱ्यांच्या खाली एक शब्द लिहिला – बिजागरी – आणि त्याच्यासमोर आपला हात उताणा ठेवला. मंजुषानं त्यावर आपला हात ठेवला. भट्टीचा हात, पण आज चटका तिलाच बसला.

केव्हा माणसं चढली, केव्हा गोरोबामामांनी गाडी चालू केली, दोघांना कळलं नाही.

“अहो कंडक्टर!” मामा ओरडले. “बेल द्यायची का न्हाय?”

बसवेशचा एक हात वर गेला, पण दोरी त्याला सापडेना. दुसरा मोकळा नव्हता.

शेवटी डबल बेल नागूबाईनं दिली.