कुलदीप पाण्यात काऊन उतरला?

"माहं पोरगं पाण्यात उतरलंच नसतं!" पुष्पाबाई म्हणाल्या आणि हातातली बॅग त्यांनी दाणकन टेबलावर आदळली.

बुलढाण्यात कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली आहे. तिथे मंजुश्री वानखेडे बसते. खासगी तपासाची कामं घेते, कमी बोलते आणि समोरच्याला पुरतं बोलू देते. तिच्या मदतीला असतात तुळशीरामकाका, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात गोष्ट शिरायला अंमळ वेळ लागतो.

"बसा मावशी," मंजुश्री म्हणाली. "पहिल्यापासून सांगा."

जानेफळच्या पुष्पाबाईंचा एकुलता एक मुलगा कुलदीप, रोपवाटिका चालवणारा. तो मित्रांबरोबर अंदमानला गेला होता. शेखर, शेखरची बायको डिंपल, मेहकरचा सागर आणि कुलदीप. चौघांनी शिडाची यॉट भाड्याने घेतली, सोबत तिथला कप्तान. आज या बेटाजवळ नांगर टाकायचा, उद्या त्या. एका निर्जन बेटावर शेखर आणि कुलदीप छोट्या होडीतून गेले आणि शेखर एकटाच परत आला. कुलदीपचा देहसुद्धा सापडला नाही.

"शेखर म्हनते, दारू पेला अन् पोहाले उडी मारली. तिथल्या पोलिसायनंबी तेच लिवून घेतलं. गावात तं काय, कोनी म्हनते पिऊन मेला, कोनी म्हनते जीव देल्ला."

"पोहता येत होतं त्याला?"

"गावातली एक विहीर सोडली नव्हती त्यानं. पण त्याचा बाप धरनात बुडाला. त्या दिवशी माह्या डोक्यावर हात ठिवून त्यानं शपथ घेतली, पाण्यात पाय टाकनार नाई म्हून. कितीक वर्षं झाली, घोट्याएवढ्या पाण्यात गेला नाई. होडीत नुसता बसीन, असं सांगून गेलता." पुष्पाबाईंनी त्याची बॅग पुढे सरकवली. "तो गेला, हे मले समजते. तो पाण्यात काऊन उतरला, येवढं सांगा. पिऊन शपथ मोडली असंन तं तसं सांगा. मी आयकून घेईन."

मंजुश्रीने बॅग रिकामी केली. दाढीचं सामान, दोन टीशर्ट, आणि पोहायची एक निळी चड्डी. किमतीची चिठ्ठी अजून तशीच लटकत होती.

"हे शेखरनं घेऊन देल्ली होती त्याले. मस्करीत."

"आणि त्याचा शेवटचा फोटो?"

पुष्पाबाईंनी मोबाइल पुढे केला. डिंपलने यॉटवरून काढलेला फोटो होता. छोट्या होडीत दोघं बसलेले, कुलदीपच्या अंगात फुल पँट आणि पिवळा चौकड्याचा शर्ट.

"हा शर्ट बॅगेत नाही."

"नाई. तो आलाच नाई."

दुसऱ्या दिवशी मंजुश्री आणि तुळशीरामकाका धरणावर पोचले. मासेमारीचा ठेका शेखरकडे होता. काठावर त्याच्या होड्या ओळीने लागल्या होत्या, नाक चिखलात, शेपूट पाण्यात.

"ह्या बांधत नाई का तुम्ही?" तुळशीरामकाकांनी उगाच विचारलं.

"कायले बांधा लागते, काका? नाक रुतवलं का दिवसभर हालत नाई. लहानपनापासून हेच करून राह्यलो."

शेखर धिप्पाड होता, पण डोळे खोल गेलेले. मंजुश्रीकडे न बघता जाळं उलगडत तो बोलत होता.

"धरणावर धंदा करता, म्हणजे पोहता येत असेल?" तिने विचारलं.

"नाई येत. होडी पक्की असली तं पोहाचं काय काम पडते?"

"त्या दिवशी काय झालं?"

"बेटावर गेलो. होडी काठाले रुतवली. लय वेळ फिरलो. कुलदीप पेला होता. शर्ट काढून मायापाशी देल्ला अन् घेतली उडी. लाटंनं नेला. मी वाळूवरून बोंबलत राह्यलो."

"तुम्ही पाण्यात उतरला नाहीत?"

"सांगतलं ना, पोहता येत नाई! मी परत आलो तं होडी जिथं रुतवली होती, तिथंच काठाले होती. ढकलली अन् यॉटवर गेलो."

"शर्ट कुठे आहे?"

शेखरचा हात जाळ्यात थांबला. "पडला असंन कुठं तं. त्या वक्ताले शर्टाचं कोनाले भान राह्यते हो?"

डिंपल घरीच होती. ती त्या वेळी यॉटच्या स्वयंपाकघरात पिठलं करत होती. बेटाच्या टोकाआड काय झालं, ते यॉटवरून दिसलंच नाही.

"ह्यायची हालत पाहवत नाई, ताई," ती म्हणाली. "आल्यापासून डोक्यावर तांब्या घेत नाई. तोंडावर पानी आलं का गुदमरते, ओरडते. नुसतं वल्ल्या टावेलानं अंग पुसते. झोपीत म्हनते, सोड, सोड."

सागरचं मेहकरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मंजुश्रीला बघताच तो भडकला.

"मायावर शक हाय का? कुलदीपशी माहं भांडन झालं होतं, हाव. आदल्या दिवशी. सारखा माह्या उलट्यायची नक्कल करे. पण मी तं तवा बी कॅबिनीत आडवाच होतो."

"दारू कोणाकडे होती?"

"एकच बाटली नेली होती, मायापाशीच होती. पहिल्या दिवसापासून पोटात पानी ठरत नाई, तं दारू कुठली? सील बी तोडलं नाई. दुसरी कोनापाशी नव्हती." त्याने ड्रॉवरमधून एक बंद फोन काढला. "उलट हे पाहा. शेखरचा हाय. पार आतपर्यंत खारं पानी गेलं, मीठ जमून राह्यलं. दुरुस्त होत नाई म्हनलं तं म्हने, फेकून दे."

संध्याकाळी मंजुश्रीने कप्तानाला फोन लावला. तो हिंदीत सांगत होता, तुळशीरामकाका कान देऊन ऐकत होते. शेखर आणि कुलदीप बेटावर गेले तेव्हा ओहोटी होती, खडक उघडे पडले होते. शेखर परतला तेव्हा पाणी झाडांपर्यंत चढलेलं. शेखर ओलाचिंब होता, लाटा उडाल्या म्हणाला. होडी झाडाला बांधा, असं कप्तानाने जाताना बजावलं होतं. त्यावर शेखर हसला होता.

"काही उलगडलं का, ताई?" काकांनी विचारलं.

"सगळं. उद्या सगळ्यांना बोलवा. मावशींनाही."

खोलीत सहा माणसं दाटीवाटीने बसली. पुष्पाबाईंनी पदर मुठीत आवळून धरला होता.

"कुलदीप मजेने पोहायला उतरला नाही," मंजुश्रीने सुरुवात केली. "पोहायची चड्डी कोरी राहिली. शर्ट काढून शेखरकडे दिला म्हणता, तो शर्ट कुठेच नाही. कारण तो काढलाच नव्हता. कुलदीप अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात गेला. कपडे काढायला वेळ नसतो, तेव्हाच माणूस असा जातो."

"पेलेला मानूस काय कपडे पाह्यते?" शेखर पुटपुटला.

"एकच बाटली होती आणि ती सागरकडे सीलबंद होती."

सागरने मान हलवली.

"आता तुम्ही. पाण्यात उतरलोच नाही म्हणता. मग फोनमध्ये खारं पाणी कसं गेलं?"

"होडीत लाटा उडत होत्या..."

"ओलं व्हायला त्या पुरतात. पण आल्यापासून डोक्यावर पाणी घेववत नाही, तोंडावर आलं की गुदमरता. हे शिंतोड्यांनी होत नाही, बुडता बुडता वाचलेल्या माणसाचं होतं. तुम्ही पाण्यात होतात. आणि तुम्हाला पोहता येत नाही."

डिंपलने तोंडावर हात धरला.

"पन हे उतरले कायले?" तुळशीरामकाकांना राहवलं नाही.

"होडीसाठी, काका. शेखर म्हणतात, होडी रुतवली तिथेच काठाला सापडली. धरणावर सापडली असती, तिथला काठ सकाळी असतो तिथेच संध्याकाळी असतो. तुम्ही मला धरणाचा काठ सांगितलात, शेखर. समुद्राला भरती येते. ओहोटीला जिथे तुम्ही नाक रुतवलं, ती जागा परतताना पाण्याखाली होती. झाडाला बांधा म्हटलं, तर तुम्ही हसलात. होडी तरंगून निघाली. तुम्ही तिच्यामागे धावलात आणि पायाखालची वाळू संपली. मग तुम्हाला बाहेर कोणी काढलं? त्या बेटावर दुसरा एकच माणूस होता."

शेखर दोन्ही हातांनी चेहरा झाकून हमसाहमशी रडू लागला.

"मले वाटलं, वाऱ्यानं गेली," तो कसंबसं बोलला. "मी दोन गटांगळ्या खाल्ल्या अन् तो आला. कशाचा इचार केला नाई त्यानं. मी त्याच्या गळ्यालेच पडलो. 'सोड, सोड' म्हने, 'मले हात मारू दे.' मले होडीपर्यंत नेलं, वर ढकललं. पार दमून गेला होता. मी हात देल्ला, पन तो निसटला. माह्या येडेपनानं मेला मावशी तो! होडी मीच बांधली नव्हती. हे गावाले कसं सांगू? म्हून मीच म्हनलं, पेला होता."

डिंपल त्याच्याकडे अशी बघत होती, की जणू हा माणूस ती आजच पाहत होती.

पुष्पाबाईंनी विचारलं, "काही बोलला का?"

शेखरने मान खाली घातली. "कडेले धरून होता थोडा वेळ. मायाकडं पाहून हासला. म्हने, मायले सांगू नको बे, मी पाण्यात उतरलो म्हून."

पुष्पाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"येडं पोट्टं," त्या म्हणाल्या. "मी काय रागावली असती का रे तुले?"

मग त्यांनी नाक पुसलं आणि शेखरकडे वळल्या.

"ऊठ. चाल जानेफळले. आता सांगतलं तसंच गावासमोर सांग. माहं पोरगं पिऊन मेलं नाई, हे तुह्या तोंडानं सांग."

"हाव मावशी. सांगतो. मंग मले मारून टाका."

"मारत नाई तुले," पुष्पाबाई म्हणाल्या. "माहं लेकरू देऊन तू वाचला हायेस. आता तुले जगा लागन. नीट जगा लागन. मी येऊन पाह्यत जाईन."