चौथ्या ओळीतला दगड

"मॅडम, म्हातारबाबा टेबलावर डोकं टेकून बसलेत. पण लवकर या, ते काही उठणार नाहीत," हवालदार धम्मपालने फोनवर एवढंच सांगितलं.

उपनिरीक्षक सुलक्षणा घाडीगावकर पोचली तेव्हा अर्धी सोसायटी जिन्यात उभी होती. मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेली ती जुनी इमारत. तिसऱ्या मजल्यावर प्राध्यापक मार्तंड अभ्यंकर एकटेच राहायचे. भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. घरात भांडी कमी आणि दगड जास्त. कपाटात दगड, पलंगाखाली दगड, देवघराच्या कडेलाही दगड. त्या सगळ्याच्या मधोमध प्राध्यापक टेबलावर पडले होते. ओठांच्या कोपऱ्यात फेस सुकला होता. कॉलर लाळेने भिजली होती. शेजारी चहाचा रिकामा कप.

"विष पोटात गेलंय, असं डॉक्टर म्हणतात," धम्मपाल म्हणाला.

सुलक्षणाला वेगळंच काहीतरी खटकलं. घरभर पसारा नुसता ओसंडत होता. टेबल मात्र पाहुणे यायचे असल्यासारखं आवरलेलं.

"टेबल कोणी आवरलं?"

पुतण्या नंदकिशोर भिंतीला टेकून उभा होता. दुपारी दार उघडून त्यानेच काकांना पाहिलं होतं.

"मिहिर सरांनी. मी ओरडलो, शेजारी धावले, तेवढ्यात सरही आले. काकांचे जुने विद्यार्थी ते. आता अंधेरीच्या एका कॉलेजात मोठ्या पदावर आहेत. म्हणाले, कागद, भिंग, दगड बाजूला घेतो, डॉक्टरांना जागा लागेल."

"जाताना काही घेऊन गेले?"

"छे! दारात मी होतो ना. काकांचे दगड संग्रहालयाला द्यायचेत. मी खडासुद्धा बाहेर जाऊ दिला नाही."

"तुमचं आणि काकांचं कसं होतं?"

नंदकिशोरने नजर चुकवली. "इमारत पाडून नवी बांधायचीय. सगळे तयार, काका सोडून. भांडलो मी त्यांच्याशी. पण म्हणून कोणी..."

"सकाळी घरात कोण होतं?"

"श्रुतिका. त्यांच्याकडे पीएचडी करते. चहा तीच करायची."

झालं. संध्याकाळपर्यंत शेजारणीचा जबाबही आला: आदल्या दिवशी ती पोरगी "माझी तीन वर्षं फुकट गेली, सर!" असं ओरडत जिना उतरली होती. पोलीस ठाण्यातल्या मोठ्या साहेबांना एवढं पुरे होतं.

"चहा तिचा, भांडण तिचं. अटक दाखव."

"सर, चहा एकाच भांड्यातला. तीही प्यायलीय."

"विष कपात टाकता येतं, घाडीगावकर. उद्या संध्याकाळपर्यंत काय तो शोध घे. मग मी थांबणार नाही."

*

श्रुतिका परब विक्रोळीच्या चाळीतली. वडील कारखान्यातून निवृत्त, घरात पदवीपर्यंत पोचलेली ही पहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुलक्षणाने तिला प्राध्यापकांच्या घरी आणलं तेव्हा रडून रडून तिचे डोळे सुजले होते. एकदा खुनाच्या गुन्ह्यात नाव लागलं की पुढे सुटूनही काही हाती उरत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"भांडण कशावरून झालं?"

"माझ्या प्रबंधावरून. स्पितीतला एक चुनखडक आहे, हिमालयात. मिहिर सरांनी तो डेव्होनियन काळातला आहे असं छापलं. त्यावर त्यांचं नाव झालं. मी माझा अख्खा प्रबंध त्या काळावर रचला. आणि परवा अभ्यंकर सर म्हणाले, तो काळच चुकीचा वाटतोय, सगळं नव्याने लिही. डोकंच सटकलं माझं."

"चुकीचा कशावरून?"

"ते सांगेनात. म्हणाले, पुरावा हातात आला की दाखवतो."

"मला एक सांग, दगडाचं वय कळतं कसं? त्याच्यावर काय जन्मतारीख असते?"

रडवेल्या चेहऱ्यावरही श्रुतिकाला हसू आलं. "असते की. जुन्या फोटोत बेलबॉटम दिसली की फोटो कधीचा ते कळतं ना? तसंच. समुद्राच्या तळाशी गाळ साचतो, त्यात तेव्हाचे प्राणी गाडले जातात. प्रत्येक जातीचा आपापला जमाना. आली, गाजली, संपली. दोन गावांतल्या खडकांत एकाच जमान्याचे प्राणी सापडले, तर ते खडक एकाच वेळचे. आपल्या मुंबईचा हा काळा दगड ज्वालामुखीचा, त्यात हे असले प्राणी नाहीत. म्हणून सर हिमालयात जायचे."

कपाटावर एक रुंद लाकडी ट्रे तिरका ठेवलेला होता. त्यात सहा ओळी होत्या, चिठ्ठी एकही नव्हती.

"हा सरांचा लाडका ट्रे," ती म्हणाली. "जमिनीत असतं तसंच इथे. सगळ्यात जुनं तळाला. पहिली ओळ कँब्रियन, मग ऑर्डोव्हिशियन, तिसरी सिल्युरियन, चौथी डेव्होनियन, वर कार्बोनिफेरस आणि पर्मियन. नावं लिहायचे नाहीत. ज्याला दगड वाचता येत नाही त्याने हात लावू नये, म्हणायचे."

बोलता बोलता ती थांबली. चौथ्या ओळीतला तळहाताएवढा करडा दगड तिने उचलला.

"हा कुठून आला? मी हा आधी पाहिलेला नाही." तिने तो डोळ्यांजवळ नेला, उलटला आणि सहज जीभ बाहेर काढली.

सुलक्षणाने तिचं मनगट पकडलं. "अगं ए! पुराव्याला जीभ लावतेस?"

"सॉरी मॅडम. सवय. ओला झाल्याशिवाय आतली नक्षी दिसत नाही. आम्ही सगळेच करतो. सर तर दिवसभर."

सुलक्षणाने मनगट सोडलं नाही. तिने रुमालाने दगड काढून घेतला आणि भिंग श्रुतिकाच्या हातात दिलं. "आता लांबूनच बघ."

"एक बाजू करवतीने कापलीय. म्हणजे याचा जोड तुकडा कुठेतरी असणार. आणि इथे कडेला बघा, साखळीच्या कड्या दिसतायत? हे साखळी-पोवळं, पोवळ्याचीच जात. सिल्युरियन संपता संपता ती जगातून गेली." तिने गोंधळून वर पाहिलं. "मग हा दगड चौथ्या ओळीत कसा? तिसऱ्या ओळीत हवा. सर अशी चूक झोपेतही करणार नाहीत."

सुलक्षणाने दगड पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत पाठवला. श्रुतिकाला ती एकच वाक्य बोलली: "आजचं कोणाला सांगू नकोस, आईलासुद्धा नाही."

*

डॉक्टर मिहिर राजाध्यक्ष दिसायला देखणे आणि बोलायला गोड. अंधेरीच्या कॉलेजात त्यांच्या खोलीबाहेर अभिनंदनाचे गुच्छ होते. ते संचालक होणार, हे जवळजवळ ठरलं होतं.

"अभ्यंकर सरांना शेवटचं कधी भेटलात?"

"जिवंत? दोन महिने झाले असतील. काल दुपारी सहज गेलो आणि हे असं..." त्यांनी चष्मा पुसला.

"टेबल तुम्ही आवरलंत?"

"कागद तेवढे उचलले."

"दगड?"

"दगडांना मी हात लावला नाही. सरांना आवडायचं नाही."

"श्रुतिकाबद्दल काय वाटतं?"

"हुशार आहे. माझ्याच हाताखाली शिकलीय. थोडी तापट. पण तिने असं काही केलं असेल यावर माझा विश्वास बसत नाही."

बाहेर येताच सुलक्षणा धम्मपालला म्हणाली, "कॉलेजच्या संग्रहालयातून एक वस्तू आणायचीय. रीतसर पत्र देऊन आणा, पण या साहेबांच्या कानावर जाता कामा नये."

*

दुपारी प्राध्यापकांच्या घरात सगळे जमले. मोठे साहेब खिडकीशी उभे होते, घड्याळाकडे बघत. नंदकिशोर, श्रुतिका आणि मिहिर टेबलाभोवती बसले. टेबलावर ट्रे रिकामा, आणि कापडावर सहा दगड इतस्ततः टाकलेले.

"आमच्या माणसांच्या हातून हे मिसळले," सुलक्षणा ओशाळल्यासारखी म्हणाली. "पंचनाम्यासाठी जागच्या जागी लावून हवेत. नंदकिशोर, जमेल?"

"मला? मला तर सगळे सारखेच दिसतात."

"मग मिहिर सर, तुम्हीच लावा."

मिहिरनी मान डोलावली. पहिला दगड उचलला, बोटाने धूळ झटकली, जिभेचं टोक लावलं. ओल्या जागेवर किड्यासारख्या बरगड्या उमटल्या. दगड तळाच्या ओळीत गेला. दुसरा उचलला, जीभ लावली, दुसऱ्या ओळीत ठेवला. शिंपल्याचा ठसा असलेला तिसरा सगळ्यात वर. चौथा, पाचवा. हात झरझर चालत होते.

शेवटी तो करडा, एका बाजूने कापलेला दगड राहिला.

त्यांनी तो दोन बोटांनी उचलला. जीभ बाहेर आली नाही. दगड तसाच कोरडा चौथ्या ओळीत गेला आणि ते हात रुमालाला पुसू लागले.

"श्रुतिका, बरोबर आहे?" सुलक्षणाने विचारलं.

"बघते ना." श्रुतिकाने तो दगड उचलला आणि तोंडाजवळ नेला.

"नको!" मिहिर ओरडले. खुर्ची मागे कोसळली. "श्रुतिका, थुंक! टाक तो!"

तिने जीभ लावली होती. ती शांतपणे त्यांच्याकडे बघत राहिली. मोठ्या साहेबांनी घड्याळावरची नजर काढली.

"काही होणार नाही तिला," सुलक्षणा म्हणाली. "हा तो दगड नाही, याचा जोड आहे. तुमच्याच संग्रहालयातून आणलाय. विष लावलेला तुकडा सकाळीच प्रयोगशाळेत गेला. पण सर, या दगडाला जीभ लावू नये हे तुम्हाला कसं ठाऊक?"

मिहिर उभेच होते.

"मी सांगते, चुकलं तर थांबवा. तुम्ही छापलेला काळ खोटा आहे असा सरांना संशय आला. त्यांनी तुमच्याकडे मूळ दगड मागितला. नाही म्हटलं असतं तर संशय पक्का झाला असता, आणि दिला असता तर त्यातली साखळी दिसली असती. म्हणून दिलात, पण विष चोपडून. सर दगड बघण्याआधी काय करतात हे तुम्ही विद्यार्थी असल्यापासून बघत आलात. त्यांनी सकाळी श्रुतिकाबरोबर चहा घेतला, ती गेल्यावर दगड काढला."

"मग चहा?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"चहा चहाच होता, सर. दुपारी मिहिर सर तो दगड परत न्यायला आले. पण दारात नंदकिशोर खडाही बाहेर सोडायला तयार नव्हते. मग याच ट्रेमध्ये तो लपवायचा, दगडांत दगड. ह्यांनी तो पुसला आणि ठेवून दिला. आता ओळ कुठली? अडाणी माणसाने कुठेही ठेवला असता. सरांनी किंवा श्रुतिकाने तिसरीत ठेवला असता, कारण दगडात जे आहे तेच ते वाचतात. चौथीत ठेवणारा जगात एकच माणूस होता. इतकी वर्षं तोच काळ सांगून सांगून हाताला वळण पडलेलं."

"पण त्या चुनखडकात डेव्होनियन शिंपला सापडला होता," श्रुतिका म्हणाली. "तुमच्या लेखात फोटो आहे, सर. मी तो पाठ केलाय."

"शिंपला खरा आहे," मिहिर जमिनीकडे बघत म्हणाले. "दुसरीकडचा. तेव्हा मला नोकरी टिकवायची होती. वाटलं, एवढ्या उंचावर कोण परत जाऊन बघणार? मग त्यावर सगळं उभं राहत गेलं. सर म्हणाले, तू स्वतः मागे घे, मी कोणाला बोलणार नाही. आठवडाभर म्हणत होते. परवा संध्याकाळी इथे सोसायटीच्या गेटवर मी दगड त्यांच्या हातात दिला, तर म्हणाले, शहाणा आहेस, ये उद्या जेवायला."

नंदकिशोरने तोंड फिरवलं.

"हिला अटक होणार हे तुम्हाला माहीत होतं," सुलक्षणाचा आवाज चढला, तिला तो आवरावासाही वाटला नाही. "मघाशी माझ्यासमोर चष्मा पुसत बसलात. तुरुंगात गेली असती तर चाललं असतं. फक्त डोळ्यांसमोर मरायला नको, एवढीच माया?"

मिहिरनी श्रुतिकाकडे पाहिलं. तिने नजर वळवली नाही, तेव्हा त्यांनीच खाली घातली. धम्मपालने त्यांचा दंड धरला आणि दोघं जिना उतरून गेले.

मोठे साहेब घसा खाकरत श्रुतिकासमोर आले. "पोरी, तू घरी जाऊ शकतेस," म्हणाले, आणि बाहेर पडले.

श्रुतिका मात्र बसूनच राहिली. अटकेच्या भीतीने दोन दिवस तिला सरांसाठी रडताच आलं नव्हतं. आता ती टेबलावर डोकं टेकून हमसाहमशी रडू लागली. "मी त्यांच्यावर ओरडून गेले, मॅडम. दुसऱ्या दिवशी नुसता चहा ठेवला, सॉरीसुद्धा म्हटलं नाही. आणि ते बरोबर होते."

सुलक्षणा तिच्या शेजारी बसली. तिचं रडणं ओसरल्यावर म्हणाली, "चल, विक्रोळीला सोडते. आई वाट बघत असेल."

"थोडं थांबू?" श्रुतिकाने डोळे पुसले आणि पिशवीतून कोरा कागद काढला. "तो लेख खोटा आहे हे त्या मासिकाला आजच कळवते. सरांचं नाव आधी घालते, खाली माझं."