वितळलेलं बूच

"मी झोपलो नव्हतो," म्हातारा ड्रायव्हर दारातच म्हणाला. नमस्कार नाही, ओळख नाही. "एवढं सिद्ध करून द्या. आज चारच्या आत."

गुप्तहेरांनी त्याला खुर्ची दिली. खुर्ची खरं तर त्यांच्या मेव्हण्याची. तो मुकाट्यानं उठून खिडकीत टेकला. बहीण या घरात दिल्यापासून त्याला अशा गोष्टींची सवय झाली होती.

काल भरली गाडी घेऊन चढ चढताना म्हाताऱ्याच्या इंजिनाचं शिशाचं बूच वितळलं होतं. बॉयलरमधलं पाणी भट्टीच्या छपराखाली उतरलं की हे बूच वितळतं, वाफ आगीवर कोसळते आणि इंजिन जागच्या जागी बसतं.

"त्यानं माणसं वाचतात, पण ड्रायव्हरची अब्रू जाते," तो म्हणाला. "एकतीस वर्षांत माझं बूच कधी वितळलं नाही. शेडमास्तरनं लिहिलंय, ड्रायव्हर डुलक्या काढत होता. चारला तो कागद वर गेला की मी इंजिनावरून कायमचा खाली."

"पाणी उतरलेलं दिसलं नाही?"

"पाणी दाखवणारी काचनळी एकच, आणि तीत अर्ध्यापर्यंत पाणी होतं! निघताना मी स्वतः ती रिकामी करून पुन्हा भरून पाहिली. ठणठणीत. पुढे धुरात सिग्नल दिसेना, म्हणून मी डोकं बाहेर काढून उभा. नळीवर भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनचा डोळा."

"नळी भरलेली आणि बॉयलर कोरडा?" मेव्हणा म्हणाला. "भावोजी, कोणीतरी खोटं बोलतंय."

"कोणीतरी किंवा काहीतरी," म्हणत गुप्तहेरांनी टोपी घेतली.

शेडमास्तर आणि ड्रायव्हर यांच्यातून विस्तव जात नाही, हे शेडच्या फाटकावरच कळलं. तरी शेडमास्तरनं चहा विचारला. मेव्हण्यानं उत्साहानं किटली उघडली आणि लगेच झाकली. आत पांढरी पुटं चढली होती.

"इथलं पाणीच तसलं," शेडमास्तर म्हणाला. "सकाळी घासा, दुपारी परत पांढरी. आता कामाचं बोला. आज नऊला मी ते इंजिन जातीनं तपासलं. काचनळी चोख. म्हणजे चूक माणसाची."

"सामानात काही कमतरता?"

"होती. चार दिवस मोठ्या इंजिनाची एकही नळी नव्हती. आज आठला डझनाची पेटी आली. आता ती ओरड नको."

फायरमन चाळिशीचा, दणकट आणि भेदरलेला होता. "साहेब, बारा वर्षं गिरणीचा बॉयलर सांभाळलाय. इंजिनावर तीन आठवडेच झालेत, पण नळी वाचता येते मला. पाणी बरोबर अर्ध्यावर. चढ म्हणू नका, वळण म्हणू नका, ढिम्म हललं नाही. म्हणून बॉयलरात पाणी कमीच सोडलं. गार पाणी सोडून उगाच वाफ कशाला पाडा?"

"निघाल्यापासून असंच?"

"पहिला तासभर जरा खालीवर होत होतं. मग बसलं."

"बघा, शहाणा माणूस," मेव्हणा कुजबुजला. "गप्प बसा," म्हणून गुप्तहेर हसले. ते तसे हसले की मेव्हण्याला बहिणीच्या लग्नातली आपली फजिती आठवे.

फिटर इंजिनाजवळच भेटला. "काल सकाळी जुनी नळी तडकली, मी नवी बसवली. दोन तास त्याच नळीवर गाडी चालली. त्यानंतर हात लावला असेल तर शपथ!"

गुप्तहेरांनी मेव्हण्याला वर चढवलं. "काय दिसतं?"

"माझं नाक," मेव्हणा म्हणाला. "नळी लख्ख आहे."

साडेतीनला गुप्तहेरांनी सगळ्यांना इंजिनाजवळ बोलावलं. शेडमास्तरच्या हातात तो कागद होता.

"मेव्हणेबुवा, भरली बादली घेऊन धावलात तर पाणी ढिम्म राहील?"

"सगळं धोतरावर येईल."

"मग धावत्या इंजिनात नळीतलं पाणी स्थिर कसं? ते सतत डुचमळायला हवं. गिरणीचा बॉयलर जमिनीला खिळलेला, तिथं पाणी शांतच असतं. म्हणून बारा वर्षांच्या सवयीनं यांना शांत पाणी बरं वाटलं. पाणी तासाभरानं थांबलं, कारण नळीची दोन्ही तोंडं बुजली. यांनी पाहिलं ते कोंडलेलं पाणी होतं. बॉयलर खाली रिकामा होत होता!"

फायरमननं कपाळावर हात मारून घेतला.

"तोंडं कशानं बुजली?" शेडमास्तरनं विचारलं.

"नळीच्या दोन्ही टोकांना रबरी कडी आवळतात. नळी आखूड असली की रबराला पुढे सरकायला जागा मिळते. निघताना रबर अजून घट्ट असतं, म्हणून तपासणी पार पडते. तासभर तापून मऊ झालं की ते फुगून तोंडावर येतं. आणि मास्तर, मोठ्या नळ्या आज आल्या. मग काल यांनी नवी कुठून आणली?"

सगळे फिटरकडे वळले. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"डबे हलवणाऱ्या शंटिंगच्या छोट्या इंजिनाची असणार," गुप्तहेर पुढे म्हणाले. "तुमची किटली एका दिवसात पांढरी होते, दोन तास उकळतं पाणी खेळलेल्या नळीत मेव्हण्याला नाक दिसतं! आज आठ ते नऊच्या मध्ये ती बदलली गेली. पेटी मोजा."

पेटीत अकरा नळ्या निघाल्या.

फिटरनं पिशवीतून एक आखूड, पांढुरकी नळी काढली. रबर अजून टोकांना चिकटलेलं होतं. "गाडी अडू नये म्हणून बसवली, काका," तो ड्रायव्हरला म्हणाला. "एका फेरीपुरती. मग तुमचं नाव आलं आणि माझी वाचाच बसली."

"काल बोलला असतास तर मीच तुझी बाजू घेतली असती," म्हातारा म्हणाला. "रात्रभर घरात कोणी माझ्याकडे बघत नव्हतं रे."

शेडमास्तरनं कागद फाडला. तिथंच इंजिनाच्या पायरीवर नवा ठेवून चार ओळी लिहिल्या आणि तो म्हाताऱ्यापुढे धरला. म्हाताऱ्यानं वाचला, पण घेतला नाही.

"झोपलो होतो हे शेडभर सांगितलंत," तो म्हणाला. "आता हे मोठ्यानं वाचा."

मेव्हण्याला वाटलं, आता जुंपणार. पण शेडमास्तर इंजिनाच्या पायरीवर चढला, हातोडे थांबेपर्यंत थांबला आणि खणखणीत आवाजात वाचू लागला. ड्रायव्हर पूर्ण वेळ जागा होता, निर्दोष होता, आणि उद्याची पहिली गाडी त्याचीच होती.

वाचून संपलं आणि शेडमधला प्रत्येक हातोडा लोखंडावर वाजू लागला. त्या दणदणाटात मेव्हणाही हाताला लागलेला पाना रुळावर बडवत होता, आणि या वेळी भावोजींनी त्याला गप्प बसा म्हटलं नाही.