सकवारबाईंची गोवरी

सर्जापूर रोडवरच्या घराच्या गच्चीवर, जेवणं झाल्यावर, पोरांनी भुताचा विषय काढला. योगीराजअण्णा म्हणाले, "पांढरी साडी नि उलटे पाय तुमच्या मोबाइलात. हे आमच्या दयानंदच्या बाबतीत घडलंय. पटलं नाही तर त्यालाच विचारा." आणि ते सांगू लागले.

तेरा डिसेंबर, शनिवार. रात्री पावणेदहाला दयानंद चिकपेटेतल्या मुलींच्या शाळेत निघाला. तो तिथला कारकून. काम साधं होतं, कपाटातलं जुनं हजेरीबुक काढून मागच्या अंगणात जाळायचं. संस्थेचे अध्यक्ष पद्मनाभराव म्हणाले होते, "एवढं करा दयानंदअण्णा, सोमवारी तुमच्या भार्गवीची नोकरी पक्की. सरी?" पोरगी सहा वर्षं तिथेच तात्पुरती शिकवत होती. दयानंदनंही कानडीतच "सरी" म्हणून होकार दिला.

काय होतं त्या बुकात? शंभर वर्षांपूर्वी, संस्थानी अमलात, सकवारबाई नावाच्या विधवेनं ही शाळा काढली. ती पोरींना आणायला निघाली की पद्मनाभरावांचे आजोबा चार टोळभैरव घेऊन कोपऱ्यावर उभे राहत आणि तिच्या अंगावर शेण मारत. बाई ते शेण गोळा करी, शाळेच्या भिंतीवर त्याच्या गोवऱ्या थापी आणि त्यांवर पोरींना गरम भात शिजवून घाली. शेण कोणी मारलं ते रोज हजेरीखाली लिहून ठेवी. आणि उद्या सकाळी शाळेच्या दारात फलक उघडणार होता, 'स्त्रीशिक्षणाचे आद्य पुरस्कर्ते' म्हणून त्याच आजोबांच्या नावाचा! शी! आजानं शेण मारलं, नातवानं खाल्लं. सांगतानाही किळस येते मला.

आणि आपला दयानंद? त्याची आजी कमला त्या शाळेतल्या पहिल्या चौघींतली. तिचं नाव बुकाच्या पहिल्याच पानावर होतं. त्याला ते ठाऊक होतं. तरी त्यानं काडी ओढली.

सव्वादहा. पानं पेटली. कमलाचंही पेटलं.

थप्प.

भिंतीकडून आला आवाज. ओल्या हाताचा.

"कोण आहे?" दयानंद ओरडला.

थप्प... थप्प...

भिंतीपाशी कोणी नव्हतं. फाटकाला कुलूप. अंगणात गाय सोडा, मांजरही नाही. आणि ताज्या शेणाचा वास. नाकात... तोंडात... दयानंद भडभडा ओकला.

थप्प...

त्यानं तिकडे पुन्हा पाहिलं नाही. काटकीनं राख ढवळली. एक अक्षर उरलं नव्हतं. सगळी राख मोरीत लोटली, वर पाणी ओतलं, कुलूप लावून घर गाठलं.

सकाळी नऊला पद्मनाभरावांनी पडदा ओढला. आजोबांच्या नावावर एक गोवरी होती. कडकडीत वाळलेली. बाईमाणसाची पाच बोटं उमटलेली. फलक तर आदल्या संध्याकाळी बसवलेला, आणि एका रात्रीत गोवरी अशी वाळत नाही.

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले.

"काढा ते आधी!" पद्मनाभराव ओरडले.

दयानंदनं गोवरी उपटली. तिचे हातातच दोन तुकडे झाले. गोवरीत भुसा असतो ना? हिच्यात भुसा नव्हता... कागद होता. जळक्या कडांचे बारीक कपटे. त्यातल्या एकावरचंच वाचता येत होतं.

'कमला. हजर.'